मूर्गोसचा टोप आणि मास्तरांचा उपास

गावाचा खरा धर्म चर्चमध्ये कळत नाही, खाटकाच्या दुकानात कळतो. ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाचे सात आठवडे माझ्या दुकानाच्या पुढच्या दारातून माशीसुद्धा आत येत नाही, आणि मागच्या दाराला कडी घालायला मला फुरसत मिळत नाही. कुणाला आजारी सासूच्या सुपासाठी हाडं हवी असतात. सासू जाऊन चार वर्षं झालेली असतात. कुणाला मांजरीसाठी खिमा हवा असतो, तोही नीट, चरबी काढून. मी कागदात बांधून देते आणि तोंडाला कुलूप लावते. नवरा गेल्यापासून सत्तावीस वर्षं दुकान मी चालवते, आणि या सत्तावीस वर्षांत मांसाच्या गराड्यात उभं राहूनही मी मोठा उपास मोडला नाही. मोडला तो एकदाच, तोही कुत्र्याच्या जेवणापायी. त्याला कारण आमची पोलिक्सेनी.

पोलिक्सेनी मात्र पुढच्या दारातून यायची. उपासाच्या पहिल्या मंगळवारी सकाळी, समोरचा चहाकॉफीचा अड्डा माणसांनी भरलेला असताना, ती डोकं वर करून दुकानात शिरली आणि रस्त्यापलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "कालिओपी, गुरांचं मांस दे, चरबी नको. कोंबडीची दोन हृदयं, आणि कलेजी अगदी थोडी. कुत्र्याला हवंय."

समोर कुणीतरी खोकलं. कुणीतरी म्हणालं, "कुत्र्याला! बरं बरं."

"हो, कुत्र्याला," पोलिक्सेनी दारात वळून म्हणाली. "तुझ्या मांजरीसारखं माझं कुत्रं सिगारेट ओढत नाही, पानागोस."

अशी ती. एकोणतीस वर्षं तिने आमच्या बेटावरच्या कालोनी गावातल्या वृद्धाश्रमात स्वयंपाक केला. बिनदातांच्या आणि बिनमिठाच्या माणसांना रांधून घालायचं म्हणजे काय, ते तिलाच विचारावं. मीठ नाही, मसाला नाही, चावायला काही नाही, आणि तरी म्हाताऱ्यांनी ताट चाटून पुसलं पाहिजे! निवृत्त झाली तेव्हा ते सगळे म्हातारे रडले. एक फक्त हसला, पण तो सगळ्यालाच हसायचा. दोन वर्षांपूर्वी तिला मोठा ताप आला आणि उतरताना तिच्या नाकातला वास घेऊन गेला. तेव्हापासून तिला कॉफी करपलेली कळत नाही की नवऱ्याचे मोजे कळत नाहीत. दुसऱ्या गोष्टीबद्दल ती देवाचे आभार मानते.

नवरा म्हणजे मेनेलाओस, चर्चमध्ये स्तोत्रं म्हणणारा. आमच्याकडे त्यांना मास्तर म्हणतात. आवाज असा की छताला लोंबणारी दिव्यांची झुंबरं थरथरावीत. उपास पाळण्यात तर मास्तरांचा हात धरणारा कुणी नाही. मांस, मासे, दूध, अंडी तर सगळेच सोडतात. मास्तर बुधवारी-शुक्रवारी तेलही सोडायचे आणि सोडलं हे घरोघरी कळवायचे. कुणी डाळीवर तेलाची धार धरली की त्यांची भुवई वर जायची. नाकाने कांदे सोलणं म्हणतात ते हेच.

आणि कुत्रं म्हणजे मूर्गोस. काळसर, कान पडलेला, अकरा वर्षांचा. पूर्वी मेंढ्यांमागे पळायचा, आता पोलिक्सेनीमागे. हिवाळ्यात त्याला गोचिडीचा ताप आला. तो बरा झाला, पण अंगावर कातडं आणि हाडं उरली, आणि कुशीला अक्रोडाएवढी गाठ आली. कालोनीची जनावरांची डॉक्टरीण दानाई, वयाने लहान पण जिभेची धारदार, तिने स्पष्ट सांगितलं, "गाठ काढायलाच हवी. पण या वजनाला मी याला भूल देणार नाही. झोपेल तो उठायचाच नाही. साडेपंधरा किलोचा करून आणा. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्यात, सोमवारी करू. त्यापुढे थांबलो तर गाठ ऐकायची नाही."

मूर्गोस तेव्हा साडेचौदाचा होता. किलोभर वजन, सहा आठवडे. ऐकायला काहीच नाही. पण कुत्र्यांसाठीच्या पाकिटातल्या कोरड्या दाण्यांकडे तो असा बघायचा, जशी मी कर खात्याच्या पत्राकडे बघते. दानाई म्हणाली, पाकीट बंद करायचं नाही, मुख्य जेवण तेच; त्यावर घरचं ताजं शिजवलेलं थोडं घाला, म्हणजे रुचेल. आणि तिने कागदावर लिहून दिलं: मांस इतकं, भात मऊ, गाजर, दुधी भोपळ्यासारखी कोवळी भाजी, अंड्याच्या कवचाची पूड चिमूटभर. कलेजी चवीपुरती. कांदा नाही, लसूण नाही, द्राक्षं-मनुका चुकूनही नाहीत, मीठ नाही.

पोलिक्सेनीने कागद वाचला आणि म्हणाली, "अगं, हा तर माझ्या म्हाताऱ्यांचाच बेत."

रोज सकाळी तिचा टोप चुलीवर चढायचा. मांस बारीक, गाजर किसलेलं, भात असा शिजवायचा की त्याने हट्ट सोडावा. शिजवताना ती टोपाशी बोलायची, "हं, तू खाली लागू नकोस, तुला काय घाई." मग टोप मागच्या खिडकीत निवायला ठेवायचा, झाकण अर्धं उघडं, आणि ती चर्च झाडायला जायची. उपासात चर्चची झाडलोट तिच्याकडे असते. दोन तासांनी परत यायचं आणि कोमट कालवण दाण्यांवर घालून, हाताने कालवून मूर्गोसपुढे ठेवायचं.

गल्लीत मांसाचा वास सुटला आणि गावाच्या जिभा सुटल्या. मास्तर तर सगळ्यांच्या पुढे. अड्ड्यावर उभे राहून म्हणाले, "माझ्या घरात, मोठ्या उपासात, मांस शिजतंय. मी कुठे तोंड दाखवू?"

पाद्रीबुवा पापा-अनेस्तिस कॉफी पीत होते. दाढी पुसून ते म्हणाले, "मास्तर, मूर्गोसचा बाप्तिस्मा झालाय का?"

"नाही."

"मग त्याला उपास कसला? तुमचा झालाय. तुम्ही पाळा."

विषय संपला. म्हणजे मला तसं वाटलं.

दर शनिवारी मूर्गोसला माझ्या दुकानात आणून तोलायचं असं ठरलं. अख्खी कोकरं तोलायचा जमिनीवरचा काटा गावात माझ्याकडेच. मूर्गोस काट्यावर एकटा उभा राहायला तयार नव्हता; त्याच्या आधी तिथे कोण कोण झोपून गेलंय हे त्याला वासावरून कळत असणार. मग सगळे करतात तेच केलं. माणसाने कुत्र्याला उचलून घ्यायचं, दोघांना तोलायचं, मग माणसाला एकट्याला, आणि वजा करायचं. पहिल्या शनिवारी मास्तरांनी उचललं. दोघे मिळून साडेअठ्ठ्याण्णव, मास्तर एकटे चौऱ्याऐंशी. शीतखोलीच्या दारावर मी खडूने दोन्ही आकडे लिहिले. पुढच्या शनिवारी मास्तर स्तोत्रांच्या तालमीला गेले, मूर्गोसला पोलिक्सेनीने उचललं. वजन चौदा किलो तीनशे. तिसऱ्या शनिवारी चौदा शंभर.

वाढायचं सोडून कुत्रं घटत होतं. पोलिक्सेनी काट्यावरून उतरली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "तुझा काटा बिघडलाय."

माझा काटा! सत्तावीस वर्षांत माझ्या काट्याला कुणी बोट लावलं नव्हतं. पण तिचे डोळे भरलेले दिसले म्हणून मी नुसता खडू उचलला आणि आकडा लिहिला.

सोमवारी ती पुन्हा आली. हातात मूर्गोसची थाळी, जशी वाढली तशीच. "बघ. दोन दिवस तोंड लावत नाही. हुंगतो आणि मागे सरतो. असा सरतो कालिओपी, की जणू मी त्याला मारणार आहे." तिने थाळी माझ्यापुढे धरली. "एक तर तो जायला निघालाय, नाहीतर तू मला शिळी कलेजी दिलीस."

आता मात्र माझं डोकं फिरलं. थाळी ओढून घेतली आणि नाकाशी नेली. आंबट वास होता! कलेजी शिळी झाली की आंबूस मारते, आणि कलेजी माझ्या दुकानातली. नाकाने निकाल लागेना. निकाल लावायचा एकच मार्ग होता. मी छातीवर क्रूसाची खूण केली, देवाला म्हटलं "बघून घे जरा", आणि बोट बुडवून चाटलं.

शिळी नव्हती. लोण्यासारखी ताजी होती. पण तिच्यावर लिंबू पिळलेलं होतं. वर ओरेगानो चुरडलेला. आणि मीठ.

"पोलिक्सेनी," मी म्हटलं, "तू मूर्गोसच्या जेवणात लिंबू पिळतेस?"

"वेड लागलंय का? लिंबाचं साल जरी दिसलं तरी तो अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसतो. पिल्लू होता तेव्हापासून."

"मग कुणीतरी पिळतंय."

कलेजी आणि लिंबू यांची जोडी आमच्या गावात नवराबायकोपेक्षा घट्ट. लिंबाशिवाय कलेजी खाणारा पुरुष या बेटावर अजून जन्मायचाय. आणि दहा ते बारा, पोलिक्सेनी चर्च झाडत असताना, त्या घरात पुरुष एकच असतो. तो ताट घेत नाही, कारण ताट धुवावं लागतं. टोपातच लिंबू पिळतो, उभ्या उभ्या कलेजी आणि मांसाचे तुकडे वेचतो, आणि भात-गाजर मागे ठेवतो. नाक शाबूत असलेल्या बायकोला हे पहिल्याच दिवशी कळलं असतं.

वरून कीर्तन, आतून तमाशा! मी हसायलाच लागले. पण पोलिक्सेनी हसली नाही. माझ्या खुर्चीत बसून ती म्हणाली, "उपास मोडला त्याचं मला काही नाही. तो त्याचा नि देवाचा व्यवहार. पण किलो कशासाठी हवाय हे त्याला माहीत आहे. स्वतः उचलून तोललाय त्याने."

"त्याला वाटलं असेल, चार तुकडेच तर खातोय."

"असेल," ती म्हणाली. मग एप्रनने डोळे पुसले आणि तिच्या तोंडावर ते बेरकी हसू आलं, जे वृद्धाश्रमाचे अधिकारी भेटीला आले की यायचं. "मूर्गोसचं जेवण उद्यापासून तुझ्या मागच्या खोलीत शिजवू. त्याला इथेच जेवायला घालीन. आणि माझ्या खिडकीतला टोप मात्र जिथे आहे तिथेच राहील."

"त्या टोपात काय घालणार?"

"पाकिटातले दाणे," पोलिक्सेनी म्हणाली. "रात्रभर भिजवून, कुटून. वर कलेजीचे चार तुकडे. गिऱ्हाईक तुटायला नको."

मी तिच्यादेखत दानाईला फोन लावला. "डॉक्टरीणबाई, ते म्हाताऱ्या कुत्र्यांचे दाणे जर एखाद्या माणसाने चुकून खाल्ले, तर काही बाधेल का?"

"चुकून एकदा?"

"चुकून रोज."

पलीकडे खुर्ची सरकली. मग ती म्हणाली, "बाधायचं नाही. पण भुंकायला लागला तर मला कळवा."

पुढचे तीन आठवडे माझ्या आयुष्यातले सर्वांत पवित्र आठवडे होते, कारण रोज मला जीभ चावून गप्प बसावं लागत होतं. मूर्गोस माझ्या मागच्या खोलीत थाळी पुसून चाटायचा, आणि चाटून झाल्यावर थाळी ढकलत ढकलत माझ्या पायापर्यंत आणायचा. मागच्या दाराच्या गिऱ्हाइकांना मी सांगितलं, कुत्रं राखणीला ठेवलंय. आणि मास्तर? मास्तर फुलले होते. गाल तुकतुकीत, मिशा चकचकीत. चौथ्या शुक्रवारी स्तोत्रांच्या वेळी त्यांनी असा स्वर लावला की बायकांनी रुमाल काढले. चर्चबाहेर येऊन म्हणाले, "कालिओपीबाई, बघा, दरवर्षी साष्टांग घालताना गुडघा बोंबलतो. यंदा नाव नाही. उपासाची शक्ती!"

दाण्याच्या पाकिटावर मोठ्या अक्षरांत छापलंय, 'सांध्यांसाठी'. मी दुकानात पळत गेले आणि शीतखोलीत शिरून दार लावून घेतलं.

पवित्र आठवड्याच्या आदला, लाझारसचा शनिवार आला. त्या दिवशी घरोघर माणसाच्या आकाराचे छोटे गोड पाव भाजतात, हाताची घडी घातलेले, डोळ्यांच्या जागी लवंगा. गावातलं निम्मं माणूस पाव वाटायच्या निमित्ताने माझ्या दुकानात जमलं होतं. मूर्गोसचं वजन हा आता गावाचा विषय होता. अड्डा ओस पडलेला. पाद्रीबुवाही आले, लवंग चघळत.

"मास्तर," मी म्हटलं, "शेवटचं वजन आहे. पहिल्या दिवशी तुम्हीच उचलला होतात, आजही तुम्हीच उचला. शकुन."

मास्तर खूश झाले. चारचौघांत काही उचलायला मिळालं की ते नेहमीच खूश होतात. मूर्गोसला छातीशी धरून ते काट्यावर चढले.

"एकशेतीन किलो शंभर," मी मोठ्याने वाचलं. "आता मूर्गोसला उतरवा. तुम्ही थांबा." काटा डुलला आणि थांबला. "सत्त्याऐंशी पाचशे. म्हणजे मूर्गोस पंधरा सहाशे!"

टाळ्या पडल्या. पोलिक्सेनीने मूर्गोसच्या डोक्यावर ओठ टेकले आणि तसेच ठेवले. मास्तर काट्यावरूनच हात उंचावून सगळ्यांना अभिवादन करत होते.

मी मग सावकाश शीतखोलीच्या दाराकडे वळले. "आणि हो, नोंद पुरी करायला हवी. पहिल्या शनिवारी मास्तर होते चौऱ्याऐंशी."

टाळ्या थांबल्या. सत्त्याऐंशी पाचशेतून चौऱ्याऐंशी गेले की किती राहतात, हे आमच्या गावात शाळेत न गेलेल्यालाही येतं. पाच आठवडे बिनतेलाचे चणे खाऊन साडेतीन किलो! पानागोस भिंतीकडे तोंड करून हलायला लागला.

पाद्रीबुवा शांतपणे म्हणाले, "मास्तर, चणे तुम्हाला मानवले."

मास्तरांच्या मिशा थरथरल्या. "पाणी... अंगात पाणी धरतं... या वयात..."

पोलिक्सेनी उठली. एप्रनच्या खिशातून तिने अर्धं पिळलेलं लिंबू काढलं आणि काट्यावर, त्यांच्या बुटाशेजारी ठेवलं. तिचा आवाज चढलेला नव्हता. "हे चुलीमागे सापडलं. मेनेलाओस, मूर्गोसला लिंबू चालत नाही. अकरा वर्षं घरात आहे तो, तुला माहीत नव्हतं? तू चार तुकडे खाल्लेस, ते तुझ्या अंगी लागोत. पण उरलेला अख्खा टोप त्याने तुझ्या लिंबामुळे टाकला. मला वाटलं, माझं कुत्रं मरतंय."

मी आयुष्यात मास्तरांना पुष्कळदा अवघडलेलं पाहिलंय. सूर चुकल्यावर, कवळी निसटल्यावर, लग्नातसुद्धा. पण तो चेहरा नव्हता पाहिला. चोरी पकडली गेली याची लाज एका क्षणात उडून गेली आणि तिथे दुसरंच काही आलं. ते काट्यावरून उतरायचं विसरले. "तो जेवत नव्हता," ते म्हणाले, "ते माझ्यामुळे? मला वाटलं, तो खातच नाही, मग वाया कशाला... पोलिक्सेनी, मला खरंच वाटलं तो खात नाही म्हणून..." आणि त्या झुंबरं थरथरवणाऱ्या आवाजाला पुढचा शब्द फुटेना. कुणीही हसलं नाही. मीही नाही, आणि मी हा दिवस तीन आठवडे शिजवत ठेवला होता.

शेवटी मूर्गोसच उठला. तो काट्याजवळ गेला, लिंबू हुंगलं, एक पाऊल मागे सरला, आणि लिंबाला वळसा घालून मास्तरांच्या दुसऱ्या पायाशी जाऊन बसला.

भिजवलेल्या दाण्यांचं आम्ही त्यांना सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही. माणसाला एका दिवसात किती सोसायला लावायचं?

सोमवारी मूर्गोसला कालोनीला मास्तर घेऊन गेले. दानाई सांगते, तीन तास ते बाहेरच्या बाकावर बसून होते. तिने बिस्कीट दिलं, कॉफी दिली, त्यांनी कशाला हात लावला नाही. मूर्गोसने डोळे उघडले तेव्हा ते आत गेले आणि त्याच्या कानात हळू आवाजात स्तोत्र म्हणायला लागले. मूर्गोस पुन्हा झोपला. गाठ साधी निघाली.

माझं मन मात्र मला खात होतं. गुरुवारी पाद्रीबुवांपुढे कबुलीला उभी राहिले. "मी उपास मोडला, पाद्रीबुवा. कुत्र्याच्या थाळीतली कलेजी चाटली."

त्यांनी डोळे मिटले. "कशी लागली?"

"मीठ जरा कमी होतं."

"मग ते पाप नाही," ते म्हणाले. "प्रायश्चित्तच झालं."

ईस्टरच्या दुपारी पोलिक्सेनीच्या अंगणात आम्ही जमलो. कोकरू सळईवर फिरत होतं, रंगवलेली लाल अंडी फोडून झाली होती, आणि पानागोसने दोन सिगारेटी मांजरीच्या नावाने ओढल्या होत्या. टाके चाटू नयेत म्हणून दानाईने दिलेला प्लास्टिकचा कर्णा गळ्यात घालून मूर्गोस टेबलाखाली पडला होता. पोलिक्सेनीने विस्तवावरून काढलेली पहिली कलेजी मास्तरांपुढे ठेवली. ताटात फोडीच फोडी लिंबाच्या. अठ्ठेचाळीस दिवसांनी माणूस राजरोस कलेजी खाणार होता.

मास्तरांनी लिंबाची फोड उचलली. बघितली. आणि माझ्या ताटात टाकली. मिठाचं भांडंही माझ्याकडे सरकवलं.

"हे काय, मास्तर?" मी म्हटलं. "लिंबाशिवाय?"

"आम्हाला दोघांना खायचंय," ते म्हणाले, आणि कलेजीचा अर्धा तुकडा तळहातावर घेऊन टेबलाखाली वाकले.